किरकोळ त्रास

"तुम्ही गप्प बसलात, की तुमच्या वतीनं दुसराच कुणीतरी बोलतो," प्रशिक्षक बाई म्हणाल्या आणि पडद्यावरचे चित्र बदलले. "म्हणून उत्तर आधी, चौकशी नंतर. हे पाठच करून टाका."

पहिल्या रांगेत बसलेल्या खुलासेकाकांनी मान डोलावली. ही गोष्ट त्यांना शिकवायची गरज नव्हती. पाणीपुरवठा कंपनीचे जनसंपर्क अधिकारी म्हणून त्यांची उभी हयात यातच गेली होती. कुठे जलवाहिनी फुटो, कुठे नळाला फेस येवो, बातमी छापखान्यात पोचायच्या आत यांचा खुलासा हजर. खुलासेकाका हे नाव पत्रकारांनीच ठेवलेले. कौतुकाने की कुचेष्टेने, हे काकांनी कधी विचारले नाही. विचारले असते तर पत्रकारांनी त्याचाही खुलासाच केला असता.

घरीही सुटका नव्हती. दूध उतू गेले की बायको आतून ओरडायची, "अहो, दूध उतू जात असल्याचं निदर्शनास आलं आहे! संबंधितांनी गॅस बंद करावा!" तिचेही चूक नव्हते. काकांच्या खुलाशात कोणी काही करतच नसे. दुरुस्ती हाती घेण्यात येई, सूचना देण्यात येत, दक्षता बाळगण्यात येई. करणारा मात्र वाक्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. ठिकाणही तसेच, कायम 'शहराच्या काही भागांत'. आणि 'किरकोळ' तर त्यांचा लाडका शब्द. गळती किरकोळ, बिघाड किरकोळ, गैरसोय किरकोळ. भाजीत मीठ पडावे तसा तो प्रत्येक खुलाशात पडायचाच.

हे सगळे खुलासे कंपनीने आता एका यंत्राला घोकवले होते. 'बदलते जनसंपर्क' नावाचे हे शिबिर त्यासाठीच होते. जे शिकणार नाहीत त्यांची भांडार विभागात बदली, अशी कुजबुज आठवडाभर चालू होती, आणि भांडारात जाऊन नळाच्या तोट्या मोजायच्या कल्पनेने काकांची झोप उडाली होती. पण सकाळी बाईंनी भर सभागृहात सांगितले, "यंत्र तुमचीच भाषा शिकलंय, सर. तुम्ही त्याचे गुरू." टाळ्या झाल्या. काकांना मूठभर मांस चढले.

प्रत्येकाच्या हातात एकेक टॅब आला. यंत्र मसुदा लिहिणार, माणसाने वाचून 'मान्य' या चौकोनावर अंगठा ठेवायचा. काकांच्या विभागाला अंगठा काकांचाच लागणार होता.

"म्हणजे एवढं शिकून शेवटी अंगठेबहाद्दरच की आपण!" काका शेजारच्याला म्हणाले. शेजारचा खो-खो हसला. मागच्यांनी विचारले काय झाले, म्हणून काकांनी तो विनोद वळून पुन्हा सांगितला. बाई तेव्हा सांगत होत्या की सरावाच्या मसुद्याला वर निळी पट्टी असते आणि खऱ्या मसुद्याला हिरवी; हिरवा मान्य केला की थेट लोकांच्या फोनवर जातो.

सरावाचे मसुदे येऊ लागले. टाकीची गळती, मान्य. मीटरचा घोळ, मान्य. मग आणखी एक आला.

'शहराच्या काही भागांत पाण्याला किंचित वास येत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. सदर पाणी पिण्यास योग्य असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

"अरे, हे तर डिट्टो तुम्ही!" शेजारचा टॅबवर वाकून म्हणाला.

काकांनी मसुदा पुन्हा वाचला, तोही आरशात बघावे तसा. 'किंचित' तर अगदी त्यांच्याच ठेवणीतला. त्यांनी अंगठा ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत भाचीचा फोन आला.

"मामा, आईला दवाखान्यात आणलंय. उलट्या थांबतच नाहीयेत."

काकांच्या हातातला घास तसाच राहिला. काकांची आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांना वाढवले होते. "काय खाल्लं तिनं?"

"खाल्लं नाही, प्यायली. नळाच्या पाण्याला वास होता, आम्ही ओतूनच देणार होतो. तेवढ्यात फोनवर तुझा खुलासा आला. आई म्हणाली, खाली माझ्या भावाचं नाव आहे, तो उगीच लिहील का? मग दारात उभी राहून सगळ्या गल्लीला मोठ्यानं वाचून दाखवला. लोक तरी कां-कू करत होते, म्हणून आधी स्वतः पेलाभर प्यायली." भाचीचा आवाज चिरकला. "मग सगळेच प्यायले."

"माझा कुठला खुलासा? मी तर सकाळपासून इथं..."

त्यांनी टॅब ओढून घेतला. मसुद्यावरची पट्टी हिरवी होती.

ते धावतच सभागृहात आले, तर मोठे साहेब आधीच येऊन उभे होते. बाईंच्या पडद्यावर लोकांच्या प्रतिक्रियांवरून काढलेला शहराच्या मनःस्थितीचा आलेख होता आणि त्याची रेघ लाल होऊ लागली होती.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "जुन्या टाकीखालच्या वस्तीत जरा गडबड झालीय. यंत्रानं मसुदा दिलाय. तुमचा अंगठा द्या, म्हणजे प्रसिद्धीला सोडू."

ती ताईचीच वस्ती. काकांनी वाचले. 'तांत्रिक कारणामुळे शहराच्या काही भागांत काही नागरिकांना किरकोळ त्रास झाल्याचे निदर्शनास आले आहे. परिस्थिती नियंत्रणात असून घाबरून जाण्याचे कारण नाही.'

एकेक शब्द त्यांचा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांना चीड तरी आली असती.

"साहेब, त्या वस्तीचं पाणी बंद केलंय?"

"आपली माणसं गेलीत तिकडे. कुठली झडप बंद करायची ते बघतायत."

"म्हणजे लोक अजून तेच पाणी पितायत."

"म्हणून तर म्हणतो, घबराट नको."

काका खाली बसले आणि मसुदा पुसून स्वतः टाइप करू लागले. त्यांची बोटे अडखळत होती. इतक्या वर्षांत त्यांनी असे वाक्य लिहिलेच नव्हते. 'जुन्या टाकीखालच्या वस्तीतील पाणी पिऊ नका. ते पिऊन माणसे आजारी पडली आहेत. पाणी पिण्यास योग्य असल्याचे सकाळी मी कळवले होते. ते चुकीचे होते. मी खातरजमा केली नव्हती.'

साहेब खांद्यावरून वाचत होते. "हा 'मी' कोण? खुलाशात 'मी' नसतो. तुम्हीच शिकवलंत मला, मी नवीन होतो तेव्हा."

"हो ना, साहेब. म्हणूनच कधी कुणी सापडलं नाही."

"सर, 'चुकीचे' हा शब्द काढा निदान," बाई हळूच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. "त्या शब्दानं सगळंच लाल होईल."

"होऊ दे बाई. लाल बघून तरी लोक पेला खाली ठेवतील."

"अंगठा लावलात तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही," साहेब म्हणाले. "भांडारात तरी जागा मिळते का बघा मग!"

सकाळपर्यंत काकांना या जगात त्याचीच सगळ्यात जास्त भीती होती. त्यांनी अंगठा ठेवला, टॅब बाईंच्या हातात दिला आणि ते निघाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईची गल्लीच येऊन बसली होती. कोणी भिंतीला टेकून, कोणी पोर मांडीवर घेऊन. एक म्हातारी त्यांना ओळखून सरकली आणि म्हणाली, "जा बाबा, तुझी बहीण आत आहे." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे त्यांना वाटले.

ताईच्या हाताला सलाईन होते. चेहरा पार उतरला होता, तरी भावाला बघून तिने पदर सारखा केला.

"ताई, तो खुलासा..."

वाक्य तोंडात तयारच होते. सरावादरम्यान यंत्राद्वारे तयार करण्यात आलेला मसुदा नजरचुकीने प्रसृत झाला. त्यातले एक अक्षर खोटे नव्हते. काकांनी ते गिळले.

"तो मी पाठवला. नीट बघितलं नाही. मी चुकलो, ताई."

"तूच पाठवलास ना? मग झालं तर. मी म्हटलंच सगळ्यांना, भावाचं लिहिणं मी ओळखत नाही का?" ती दमून थांबली. मग त्यांचा चेहरा बघून तिने मोकळा हात त्यांच्या हातावर ठेवला. "असू दे रे. किरकोळ त्रास आहे. होईल कमी."

ती टोमणा मारत नव्हती. हा शब्द तिने त्यांच्याच खुलाशांतून उचलला होता, आणि आज भावाचे मन राखायला तोच कामी आणला होता. काकांना रडू आवरेना. खाटेच्या दांड्याला धरून ते पोरासारखे रडले.

पलीकडच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. आत नर्सची लगबग चालली होती.

"ती माझी शेजारीण आहे," ताई म्हणाली. "प्यायला तयारच नव्हती. मीच पेला हातात दिला तिच्या." थोड्या वेळाने तिने विचारले, "कशी आहे रे ती? बरी होईल ना?"

"माहीत नाही, ताई."

एवढे साधे उत्तर त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते.

संध्याकाळी उलट्या थांबल्यावर डॉक्टरांनी घोट-घोट पाणी द्यायला सांगितले. काकांनी खालच्या दुकानातून आणलेली सीलबंद बाटली ताईच्या डोळ्यांसमोर उघडली, पेला भरला, तिला उठवून बसवले. ताईने पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. ती भावाकडे बघत राहिली.

"पिऊ ना?"

'हो' म्हणायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी तिच्या हातातून पेला घेतला, आधी स्वतः दोन घोट घेतले आणि पेला दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवला. मग दोघे जण त्या पेल्याकडे बघत, वाट पाहत बसले.