सैल पायाचं तबक

कीर्तनाला कोण कशासाठी येतं, ते पांडुरंगालाच ठाऊक. हिंगणघाटचे महादेवराव आमच्या गावी यायचे ते तबकासाठी. आम्हाला ते कळायला आठ महिने लागले.

सेलूपासून दोन कोसांवर आमचं गाव. दर एकादशीला दुपारी चार वाजता विठ्ठलाच्या देवळात रामाजीबुवांचं कीर्तन व्हायचं, आणि मी, गावचा मास्तर, शाळा सुटली की त्यांच्यामागे झांज धरून उभा राहायचो. साल अठ्ठ्याहत्तर असावं. महादेवराव जिनिंगमध्ये कापसाची प्रत पारखायचे. बोटांत रुई धरली की कोणत्या शिवारातली ते सांगणारा माणूस. एसटीनं यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, आणि बुवा पूर्वरंगात कितीही रंगले तरी यांची नजर देवासमोरच्या तबकावरून हलायची नाही. मला मनात वाटायचं, काय ही एकाग्रता! आपल्याला कधी साधणार?

एका एकादशीला प्रसाद झाल्यावर त्यांनी मला खांबाआड घेतलं.

"मास्तर, एक बोलू काय? थे आरतीचं तबक मले पाहिजे."

मी चाट पडलो. मग त्यांनी सगळं सांगितलं. जिनिंगच्या जुन्या इंग्रज साहेबाचा चांदीचा चहाचा संच होता. साहेब विलायतेला गेला आणि संच दहा दिशांना फुटला. बारा वर्षं महादेवराव तो गोळा करत होते. किटली नागपूरच्या भंगारात सापडली, दूधदाणी हिंगणघाटच्या एका सोनाराकडे. साखरदाणीत एक बाई हळद भरून ठेवायची. तबक तेवढं साहेबाच्या खानसाम्यानं, तो आमच्याच गावचा, देवाला वाहिलं होतं.

"काठावरची द्राक्षाची वेल पाहा," ते म्हणाले. "किटलीवर हेच वेल हाय. खाली चालत्या सिंहाचा ठसा हाय, अस्सल विलायती चांदीची खून. एक तबक आलं का संच पुरा होते, मास्तर. मंग मले काही नाई पाहिजे."

चिंधू गुरव समया विझवता विझवता ऐकत होता. तो म्हणाला, "एवढी चांदीची किटली हाय म्हन्ता, मंग मी तुमच्या घरी आलतो तवा तुमच्या कोकिळाबाईनं मले काचेच्या गिलासात काऊन चहा देल्ला जी?"

"थे किटली पाहाची असते, बाबा. उकळाची नसते."

"म्हंजे देवासारखंच झालं," चिंधू म्हणाला, आणि महादेवरावच आधी हसले.

माणूस लबाड नव्हता. त्यानं गावासमोर सरळ मागणी घातली: याहून मोठं, जड, कोऱ्या चांदीचं तबक देवाला करून देतो, जुनं मला द्या. जुनं तर काजळीनं काळं पडलेलं. त्याच्या तीन पायांतला एक सैल होता. उचलून चाललं की खुट् खुट् वाजायचा. गावानं हो म्हटलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

पुढच्या एकादशीला नवं तबक आलं. चांदण्यासारखं लखलखीत. महादेवरावही आले. आता कशाला आले, असं आम्हाला वाटलं. ते जरा ओशाळून म्हणाले, "मागच्या खेपेले बुवांनी आख्यान अर्ध्यावर सोडलं. पुढं काय झालं, थे घरी कोनालेच सांगता नाई आलं." बुवांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी टाळी वाजवत देवाकडे पाहिलं.

आख्यान संपलं, आरती झाली, चिंधू तबक घेऊन रांगेतून फिरला. एकेकानं ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावले. मंडळी उठली. दुसऱ्या खांबाशी मनकर्णाबाई बसून राहिल्या. म्हातारीचे डोळे काचबिंदूनं गेलेले, पण तिची एकादशी कधी चुकली नाही.

"चल माय, घरी सोडतो," मी म्हणालो.

"आरती होऊ दे ना, मास्तर. आज उशीर काऊन लावला?"

चिंधूच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "झाली ना, माय. तुह्यापुढूनच गेलतो. वाटलं, तू नामात हायस."

"खुटखुट तर आली नाई," म्हातारी म्हणाली. "थे आली का मी हात पुढं करतो, बाबू."

इतकी वर्षं मी समोर उभा होतो. ती हात अगदी वेळेवर कशी पुढे करते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चिंधूनं पुन्हा कापूर लावला, तिचे हात धरून ज्योतीवर नेले. मागे महादेवराव उभे होते. ते एसटीकडे निघून गेले.

पंधरा दिवसांनी ते आले ते काखेत कापडाचं गाठोडं घेऊन. द्राक्षाच्या वेलीचं तबक आत झगमगत होतं. काजळीचा मागमूस नाही.

"संच?" मी विचारलं.

"राह्यला तसाच. आज आरती मी फिरवतो, चिंधू. देजो माह्या हाती."

त्या दिवशी बुवांनी काय सांगितलं, शप्पथ, मला आठवत नाही. आरतीनंतर महादेवराव तबक घेऊन निघाले, एकेकापुढे ते धरत दुसऱ्या खांबाशी आले. मनकर्णाबाईंचे हात मांडीवरच होते.

तबक वाजलंच नव्हतं.

महादेवरावांनी ते जरा हलवलं. पुन्हा हलवलं. मग त्यांचा चेहरा पडला. मला कुजबुजत म्हणाले, "मास्तर, घात झाला. घरी नेल्या दिवशीच पाय झाळून पक्का केला मी. वस्तूत खोट ठेवाची नाई, ही माही सवय."

ज्योत हलत होती. मागची रांग खोळंबली. शेवटी ते म्हातारीजवळ वाकले आणि म्हणाले, "माय, आरती आली."

"कोन म्हन्ते?"

"मी, महादेवराव. हिंगणघाटचा."

"तबकवाले काय?" म्हातारीनं हात पुढे केले, डोळ्यांना लावले, आणि हसली. "बरं झालं. तबक मुकं झालं, तं तुमाले कंठ फुटला."

"पाय पुन्हा सैल करून आनतो, माय. सोनाराले सांगतो."

"नको जी. खुटखुटीले कुठं सांगता येते आज कोन कोन आलं थे? तुमीच सांगत या."

आता पंचाईत झाली. सिंहाचा ठसा हातभर अंतरावरून ओळखणाऱ्या या माणसाला आमच्या गावातलं एकही नाव माहीत नव्हतं. दर एकादशीला ते कीर्तनाआधी मला गाठू लागले: तो तांबड्या फेट्याचा कोण? ती मुलाला थोपटणारी कोणाची? सगळं, कोण कोणाचा भाऊ तेही, पाठ करून आरतीच्या वेळी म्हातारीच्या कानाशी सांगत.

"जिजा आली, माय. कांता आली, लेकरू संग हाय. बबनराव आले. किसनराव आले."

"किसन्या?" मनकर्णाबाईंनी ज्योतीवरचे हात मागे घेतले. "त्याले जाऊन वर्ष झालं जी! थो त्याचा भाऊ नानाजी असन. जा, नीट पाहून या."

आणि महादेवराव तबक घेऊन खरंच परत रांगेत गेले.