आपट्याच्या गळ्यातली तार

मी एक जुनी बांबूची काठी आहे. खालचं टोक मोडलेलं, अंगावर वणव्याचा काळा डाग. पण मित्रांनो, हट्टीपणात या टेकडीवर माझा हात धरणारं कुणी नाही.

चार वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या एका सोसायटीतली मंडळी इथं झाडं लावायला आली. आधी फोटो काढले, मग खड्डा खणला. आपट्याचं हातभर रोप होतं. त्या मंडळींतल्या तनुजाताईंनी मला त्याच्या शेजारी रोवलं आणि बारीक तारेनं त्याला माझ्याशी घट्ट बांधलं.

"आता वारा काय करतो बघू," त्या म्हणाल्या. मीही ठरवलं, याला मरू द्यायचं नाही.

उन्हाळ्यात वणव्यानं शेंडा करपला. दसऱ्याला लोकांनी पानं ओरबाडली. टेकडीवर शेळ्या चारायला आणणाऱ्या गेनबांचा कळप तर रोजचाच. दर वेळी आपटा पुन्हा फुटला आणि मला वाटलं, माझ्यामुळेच. फार गर्व झाला होता मला.

या वर्षी मात्र भर पावसाळ्यात त्याची पानं पिवळी पडून गळू लागली. दर रविवारी येणाऱ्या तनुजाताईंनी थेट गेनबांना गाठलं.

"अहो, आपल्या शेळ्यांना एवढी टेकडी पुरत नाही का?"

गेनबा झाडापाशी उकिडवे बसले. "ताई, शेळीनं खाल्लेलं फुटतंय. ही तार बगा. झाड जाड झालं, गाठ हाय तशीच हाय. गळा आवळलाय त्याचा."

सालीत रुतलेली ती तार मी रोज पाहत होते. तिला मी माझी मिठी समजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तनुजाताई खाली उतरल्या आणि तासाभरात पक्कड घेऊन परत आल्या. त्यांनी तार हळूहळू तोडली.

"गाठ मीच मारली होती," एवढंच त्या गेनबांना म्हणाल्या. मग ओळीतल्या बाकीच्या रोपांकडे वळल्या. तिथंही तारच होती.

आधार सुटला तरी आपटा उभा राहिला. आता त्याला नवी पालवी आली आहे. माझं वाळवीनं खाल्लेलं टोक मोडून गेनबांनी मला हातात घेतलं. आता शेळी आपट्याकडे वळली, की मीच आडवी येते.

मित्रांनो, झाड लावाल तेव्हा सुतळीनं सैल बांधा. आणि पुढच्या वर्षी फोटोसाठी नाही, गाठ सोडायला या.