शिलाई मशीनच्या पट्ट्यावर धावलेलं गाणं

(सुरुवातीचं संगीत)

मित्रांनो, आधी आठ मात्रा नुसती गिटार वाजते. तेवढ्यात कुणाला पाणी प्यायचं असेल तर पिऊन घ्या.

झालं? आता ऐका.

मी एक जुनं गाणं आहे. तुमच्या आईबाबांहून थोडा लहान आणि तुमच्याहून बराच मोठा. माझी लांबी तीन मिनिटं सात सेकंद. मला हात नाहीत, पाय नाहीत. मी लोकांच्या जिभेवर बसून गावोगाव फिरतो आणि आजवर कुणी मला तिकीट विचारलेलं नाही. एक खोड मात्र आहे. मला गोष्ट सरळ सांगता येत नाही. जरा पुढे गेलो की मुखड्यावर परत यावंच लागतं. तेवढं सांभाळून घ्या.

मुखडा

ऊन आलंय दाराशी, आत घ्या हो, आत घ्या,
एक खुर्ची त्याला द्या, एक खुर्ची तुम्ही घ्या!

पहिलं कडवं

माझा जन्म एका लाल सिग्नलपाशी झाला. दादा मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायचा. त्या सकाळी शेजारी बसलेल्या बाईंनी वळायचा दिवा लावला आणि त्या थिजल्या. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. दिवा आपला टिक-टॉक, टिक-टॉक करतोय.

"बाई, वळवा आता."

"वळवते हो, आधी धीर तर येऊ द्या!"

मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. धीर येईपर्यंत दादाची बोटं त्या टिक-टॉकवर गुडघ्यावर ठेका धरू लागली. समोरच्या काचेतून ऊन थेट त्याच्या मांडीवर येऊन बसलं होतं. बाईंनी शेवटी गाडी वळवली, तोवर मी अर्धा तयार होतो.

दादाची धाकटी बहीण पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. सगळे तिला ताई म्हणत, मोठा असून दादासुद्धा. तोंडात टाचण्या नसल्या की ती गात असे. तिनं मला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दुकानाचे मालक म्हणाले, "पडद्याच्या दुकानात बसून उन्हाला आत बोलावतेस? धंदा बसवशील माझा!" दुसऱ्या दिवशी तेच गल्ल्यावर मला गुणगुणत होते.

मग दादा आणि ताई मला घेऊन रेकॉर्डिंगवाल्या काकांकडे गेले. चपलांच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. ऐन वेळी काकांच्या टेपच्या यंत्राचा रबरी पट्टा तटकन तुटला. काकांनी कपाळाला हात लावला. ताईनं पिशवीत हात घातला. आपल्या शिलाई मशीनच्या मोटरसाठी तिनं त्याच दिवशी नवा पट्टा घेतला होता.

"हा बसतो का बघा."

काकांनी बसवून पाहिला. "जरासा सैल आहे. पण चालतंय."

मित्रांनो, 'चालतंय' या शब्दानं जगात बरंच काही घडवलं आहे. त्यातला एक मी.

पट्टा सैल, म्हणून टेप हळू फिरली. त्याच यंत्रावर ऐकलं तेव्हा सगळं जसंच्या तसं वाटलं. कुणालाच काही कळलं नाही. पण रेडिओ केंद्रातलं यंत्र ठणठणीत होतं. त्यावर ती टेप लागली आणि मी सुसाट सुटलो! साडेतीन मिनिटांचा मी तीन मिनिटं सात सेकंदांत संपलो. ताईचा भारदस्त, सावकाश आवाज दोन पट्ट्या वर चढून एखाद्या चिमणीसारखा नाचू लागला.

दुकानातल्या रेडिओवर ताईनं ते ऐकलं. तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"ही कोण गं बाई?"

"तूच," दुकानात आलेला दादा म्हणाला.

"मी? मला कुणी गुदगुल्या करत होतं की काय?"

दोघं धावत केंद्रावर गेले. तिथल्या साहेबांच्या दोन्ही कानांना दोन फोन लागले होते. "ताई, सकाळपासून लोक हेच पुन्हा लावा म्हणतायत. आणि तुम्ही हे बंद करा म्हणताय? घरी जा आणि मजेत राहा."

मजेत मी राहिलो. ताईचं नंतर सांगतो.

मुखडा, पुन्हा

(आता मी जसा पसरलो तसा.)

चेंडू आलाय दाराशी, आत घ्या हो, आत घ्या! हे मैदानावर, चाळीस हजार लोक, गोलरक्षकाला चिडवायला.

बाळ आलंय दाराशी, आत घ्या हो, आत घ्या! हे प्रसूतिगृहातल्या परिचारिका, दमलेल्या आईला हसवायला.

माणूस आलाय दाराशी, आत सरका, आत सरका! हे बसचे कंडक्टर. यात माझी चाल बरीच मोडते, पण बस हलते.

ज्या भाषांतलं मला अक्षर कळत नाही, त्या भाषांतही मला गातात. दाताच्या डॉक्टरांकडे मी वाजतो. निवडणुकीच्या गाडीवर वाजलो, दोन्ही बाजूंच्या. एका पुरानंतर शाळेतला चिखल उपसताना लोकांनी मला सबंध दिवस गायलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी कामाचे आहोत.

मधलं संगीत

(इथे गिटार एकटी वाजते. इथेच मी ताईचं सांगतो, कारण शब्द असताना मला ते सांगवत नाही.)

लोक ताईला म्हणायचे, "गा ना ते गाणं!" ती गायची, आपल्या गळ्यात, आपल्या चालीनं. लोक टाळ्या वाजवायचे, पण जरा उशिरा. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "रेडिओवरची मजा नाही हं."

एकदा नणंदेच्या ऑफिसच्या संमेलनात 'हुबेहूब गा' अशी स्पर्धा होती. तिथे ताईला कुणी ओळखत नव्हतं. तिनं नाव दिलं आणि मला गायलं. चौथी आली. परीक्षक म्हणाले, "प्रयत्न चांगला होता. मूळ गायिकेचा उत्साह मात्र आणायला हवा."

नणंद पोट धरून हसली. ताईही हसली. पण त्या दिवसापासून ती चारचौघांत गायची बंद झाली. कुणी आग्रह केला की एकच उत्तर, "घसा बसलाय." जवळजवळ तीस वर्षं तो घसा बसलेला होता! शेजारीपाजारी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवून थकले.

आणि मी? मित्रांनो, खरं सांगतो, मला बरंच वाटलं. जगाला आवडला तो पळणारा मी. हा सावकाश, खालच्या पट्टीतला मी कुणाला कळला, तर माझी हवा जाईल अशी मला भीती होती. मी माझ्या आईला ओळख दाखवत नव्हतो.

दुसरं कडवं

मग रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं. माझ्या तिसाव्या वर्षी मोठ्या मैदानावर कार्यक्रम, आणि मंचावर ताई. नवे साहेब समजूतदार होते. "तुमचा घसा बसलेला असतो, ऐकलंय आम्ही. तुम्ही नुसते ओठ हलवा. मागून रेकॉर्ड लावू."

ताईनं सुटकेचा श्वास सोडला. मीही.

घरी तिची मुलगी ताटं मांडत होती. ती म्हणाली, "आई, कसला घसा बसलाय तुझा? पडदे मोजताना रोज तर गातेस. लहानपणी मला वाटायचं, रेडिओवालीच चुकतेय."

"तुला नाही कळायचं. चाळीस हजार माणसं हसतील."

"हसू देत की. तू कुणाची चोरी केलीयस?"

"तीस वर्षं घसा बसल्याचं सांगतेय, ते काय खरं होतं?" ताई म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं गाऊ?"

मुलीनं कोशिंबीर आईच्या पुढ्यात सरकवली. ताई ती खायची विसरली.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान खचाखच भरलं होतं. ताई मंचावर गेली. गिटारच्या आठ मात्रा वाजल्या आणि मी सुटलो. ताईनं ओठ हलवले. पण, मित्रांनो, ओठ काही ऐकेनात! ते तिच्याच चालीनं हलत होते. मी 'आत घ्या' म्हणत होतो आणि ताईचे ओठ अजून दारातच होते.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, ह्यांचं तोंड मागे पडतंय!"

आजूबाजूचे हसले. हसू मागच्या रांगांत पसरत गेलं. ताईचे कान लाल झाले. मंचाच्या पायऱ्या चार पावलांवर होत्या. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा. मग तिनं हात वर केला.

"थांबवा ते."

मी बंद झालो. एवढ्या गर्दीत मी कधीच अर्ध्यावर बंद झालो नव्हतो.

"तोंड माझं मागे नाही, बाळा," ताई म्हणाली. "ती टेप पुढे पळालीय. तीस वर्षं पळतेय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, पट्ट्याचं, साहेबांच्या फोनचं, चौथ्या नंबरचं, न बसलेल्या घशाचंही. 'चौथी आले' म्हटल्यावर मैदान असं हसलं की कबुतरं उडाली. तिसऱ्या रांगेतून ऐंशी वर्षांचे रेकॉर्डिंगवाले काका काठी उंचावून ओरडले, "मी म्हटलं होतं, सैल आहे!"

"आता माझ्या चालीनं म्हणते," ताई म्हणाली. "आवडलं तर बघा."

आणि तिनं मला घेतलं. खाली, तिच्या छातीपाशी, जिथे मी पहिल्यांदा होतो. मी घाबरून अंग चोरलं होतं. लोकांनी सवयीनं भराभर टाळ्या धरल्या. ताई मध्येच थांबली. "अहो, बस पकडायचीय का? सावकाश. ऊन कुठे पळून चाललंय?"

टाळ्या सावकाश झाल्या. आणि मग एक गोष्ट घडली. फाटकावरचा पहारेकरी, धिप्पाड, ढोलासारख्या आवाजाचा माणूस, गाऊ लागला. त्याच्यामागून बसचे चालक गाऊ लागले, दाढीवाले, आजोबा, आवाज फुटलेली मुलं. तीस वर्षं ही माणसं माझ्या वरच्या ओळीला गप्प व्हायची आणि नुसती मान हलवायची. मला वाटायचं, त्यांना मी तेवढा आवडत नाही. अहो, त्यांचा आवाज तिथे पोचत नव्हता! त्या दिवशी मी त्यांच्यापाशी उतरून आलो आणि त्यांनी मला पुरा म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत. पुढच्या रांगेत दादा गुडघ्यावर ठेका धरून रडत होता आणि रडता रडता त्याचा ठेका एकदाही चुकला नाही.

मी तेव्हा ताईच्या गळ्यातून चाळीस हजार गळ्यांकडे पाहिलं. माझी हवा गेली नव्हती. मला पहिल्यांदा वजन आलं होतं.

शेवट

(रेडिओवर इथे निवेदक माझ्यावर बोलू लागतो, म्हणून माझा शेवट फार थोड्यांनी ऐकलाय.)

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात होती. कापड मोजता मोजता मला गात होती. एक गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांनी आदल्या दिवशीचं काहीच ऐकलं नव्हतं.

"छान गाता हो तुम्ही. पण मूळ गाणं जरा वरचं आहे, नाही?"

"मूळ हेच," ताई म्हणाली. "ते दुसरं घाईत होतं. पडदा पाच फुटी हवा की सहा?"

मित्रांनो, माझी दोन्ही रूपं आता नांदतात. नाचायचं असेल तेव्हा पळणारा मी लावा, मला राग नाही. पण गाण्याला जपायचं म्हणजे त्याची जुनी टेप कपाटात ठेवून पुसत बसायचं, असं नव्हे. तुमच्या घरी कुणीतरी आहे, जे भांडी लावताना, कपडे वाळत घालताना, जिना उतरताना हलकेच गातं. सूर जरा खालचा असेल, शब्द मागेपुढे होत असतील. 'असं नाहीये ते' म्हणू नका. 'हुबेहूब' लावून दाखवू नका. जवळ जाऊन बसा, आणि त्याच्या चालीनं टाळी धरा.