सुनेला विचारा

"गीतांजली, ते पाय दुखण्याचं प्रकरण प्रबंधातून काढ," नंदकिशोर सर म्हणाले, "मग सही करतो."

सही म्हणजे भूलशास्त्रातल्या माझ्या एम.डी.च्या प्रबंधावरची, मार्गदर्शक म्हणून. ती नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर एवढ्या जागरणांचं काय लोणचं घालायचं?

विषय सरांनीच दिलेला. मूळव्याध, हर्निया असली छोटी ऑपरेशनं. मणक्यात लिग्नोकेनचं इंजेक्शन, कमरेखाली तासभर बधिर, संध्याकाळी पेशंट चालत घरी. पंच्याण्णव साली नवी मुंबईत याचं भारी कौतुक. सरांना परिषदेत सांगायचं होतं, झटपट आणि बिनतक्रार. माझं काम, नंतर पेशंटला त्रास विचारायचा. सगळ्यांचं उत्तर एकच, "बरं हाय." मीही खूश. बावळट!

मूळव्याधीच्या शेवंताबाई ड्रेसिंगला आल्या नाहीत, म्हणून मी कोपरखैरणे गावात त्यांच्या घरी गेले. म्हातारी भिंत धरून उभी.

"कसं वाटतंय, आजी?"

"बेस हाय गो बाय."

तेवढ्यात त्यांची सून उन्नती हातातलं पीठ झटकत बाहेर आली. "कसली बेस! सुई उतरली तवापासून झोप नाय. ढुंगनापासून पोटरीपर्यंत ठनका, आन शिव्या मला!"

"गप बस गो!" शेवंताबाई तिच्यावर खेकसल्या. "ज्याचा हातगुन आला त्याच्याम्होरं दुखतं म्हनतात का? डाक्टरचा हात उतरल."

मी जखम पाहिली. ती छान भरत होती, ठणक्याशी तिचा काही संबंध नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. इतके महिने पेशंट आमची अब्रू राखत होते आणि आम्ही त्याला विज्ञान म्हणत होतो!

त्या दिवसापासून मी घरच्यांना विचारायला लागले. "सासू रात्री झोपली का?" एवढं म्हणायचा अवकाश, सुना तोंडाचा पट्टा सोडायच्या. बायका नवऱ्यांचं सांगायच्या. दर तिसऱ्या-चौथ्या घरात तोच ठणका, बधिरपणा उतरल्यावर सुरू होणारा आणि काही दिवसांत आपोआप जाणारा. परदेशी जर्नलमध्येही अशा केसेस छापून आल्या होत्या. मी सगळं सरांपुढे ठेवलं.

"सुनांच्या चुगल्या म्हणजे सायन्स नव्हे," सर म्हणाले. "एवढ्या-तेवढ्यानं कोणी मरत नाही."

"मरत नाही, सर. पण दुखतं. आणि दुखत नाही असं आपण छापणार? मी नाही काढणार."

"मग बस घरी."

हॉस्टेलवर जाऊन उशी भिजवली, खोटं कशाला बोलू? पण काढलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनच्या टेबलावर तुर्भ्याच्या एका कारखान्यातला हौसेराव होता, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी लिग्नोकेन भरलं होतं. सर म्हणाले, "चल, दे." माझं डोकंच फिरलं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि हौसेरावच्या कानाशी वाकले.

"दादा, या औषधानं आज घरी जाल, पण नंतर दोन-चार दिवस पाय ठणकू शकतात. दुसरंही औषध आहे. त्यात ठणक्याची भीती फार कमी, पण पाय उशिरा जागे होतात, रात्र इथंच काढावी लागेल. कुठलं देऊ?"

"पेशंटला विचारतेस?" सर ओरडले.

"पाठ त्याची आहे, सर."

हौसेरावनं मान माझ्याकडे वळवली. "मशिनीवर दिवसभर उभं राहायचं असतं, ताई. दुसरं द्या."

"तू हो बाजूला. मी देतो," म्हणत सरांनी ट्रेमधली लिग्नोकेनची सिरिंज उचलली.

तसा हौसेराव चादर गुंडाळून टेबलावर चक्क उठून बसला. वॉर्डात तो सरांपुढे मान वर करत नव्हता.

"सायब," तो म्हणाला, "मी दुसरं म्हणलोय."

सरांनी सिरिंज ट्रेमध्ये आपटली, हातमोजे ओढून काढले. दारातून वळून मला म्हणाले, "सही विसर."

"विसरले," मी म्हटलं, आणि दुसरं औषध भरायला घेतलं. "दादा, व्हा परत कुशीवर."