भेटीच्या डोक्यावरची आकडी

गावप्रमुख मार्तिकचा निवडणुकीचा हिशेब सोपा होता. गावात मतं चारशे. समोर उभा साडू रुबिक, ज्याला स्वतःच्या कुत्र्याखेरीज कुणी विचारत नाही. चौकात बापाच्या स्मरणार्थ पिण्याच्या पाण्याचा दगडी नळ उभारला, तर शंभरेक मतं आपोआप वाकतील. नळाला पाणी येणार ते आम्ही घरटी वर्गणी काढून टाकलेल्या पाइपातून. तेवढं सोडलं तर भेट त्याचीच.

दगड कोरणारा उस्ताद हामो. त्याचा जुना नियम: मजकूर देणाऱ्यानं स्वहस्ते लिहायचा, खाली सही करायची, मग हामो त्यात काही घालणार नाही, काढणार नाही. मार्तिकनं लिहिलं, 'गावप्रमुख मार्तिककडून गावाला भेट'. अक्षरांना मुरडी घालायची त्याला भारी हौस. 'भेट'वर त्यानं एक झोकदार आकडी काढली.

आम्हा आर्मेनियन लोकांचं प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी उभं राहत नाही. ज्या शब्दाची शंका, थेट त्याच्याच डोक्यावर बसतं. आणि दिसतं हुबेहूब त्या आकडीसारखं.

"मार्तिक जान, एकदा शाळेच्या शूशानबाईंना दाखव की," माझ्या दुकानात कॉफी पिता पिता हामो म्हणाला.

"उस्ताद, तुम्ही दगड फोडा. शाळा मी शिकलोय."

"म्हणजे आहे तस्सं?"

"टिंबसुद्धा हलवायचं नाही!"

हामोनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शहाणा माणूस.

उद्घाटनाला मेंढी कापली. चादर ओढली. शूशानबाईंनी चष्मा लावून, लिहिलंय तसा सूर चढवत वाचलं, "गावप्रमुख मार्तिककडून गावाला... भेट?"

"आम्हीपण तेच विचारतोय गं बाई!" मागून कुणी म्हातारी ओरडली.

मार्तिक हामोच्या अंगावर धावला. "हे काय केलंस, मेल्या?"

हामोनं कागद उलगडला. "सही तुझीच ना?"

दुसऱ्या दिवशी आकडी खोडायला हामो येईना, म्हणून मार्तिकनं स्वतःच छिन्नी धरली. आमचा दगड ठिसूळ. अंगठा जाईल एवढं भोक पडलं. आधी आकडी वाचणाऱ्यालाच दिसायची, आता परगावचा ट्रकवालाही तोंड पुसत विचारी, "इथं काय होतं हो?" आणि आम्ही सांगायचो. सविस्तर.

मतमोजणी झाली. मार्तिक एकशे एकाहत्तर, रुबिक एकशे नव्वद. मेंढी आणि दगड मार्तिकच्या खर्चात, पाणी आमच्या. खुर्ची मात्र रुबिकला फुकटात पडली.