टाकी क्रमांक चारची शिडी

एकोणीस वर्षं ती गावोगावची दप्तरं वाचत फिरत होती. लॉजची उशी, परक्या कार्यालयाचा कुरकुरता पंखा आणि पर्समध्ये हिरवी पेन्सिल. सरकारी लेखापरीक्षक. समोर सगळे मॅडम म्हणत; पाठ फिरल्यावर काय म्हणत, हे तिनं कधीच तपासलं नव्हतं. नोंदीपुढची हिरवी खूण म्हणजे ‘हे मी डोळ्यांनी पाहिलं’. तेवढंच तिचं काम.

यंदा मात्र फिरणं संपणार होतं. बदलीची फाईल वर गेली होती: आईच्या घरापासून चालत जाता येईल असं ऑफिस. अट एकच, नावावर ठपका नको.

पाणीपुरवठा विभागाची वही देखणी होती. टाकी क्रमांक चार, दर तीन महिन्यांनी आत उतरून धुतली. सही, शिक्का, मोत्यासारखं अक्षर.

“टाकी बघून येते,” ती उठली.

“उन्हात कुठं मॅडम?” हेडक्लार्क म्हणाले. “टाकी काय पळून जातेय?”

“टाकी नाही, माझे गुडघे चाललेत. आहेत तोवर जाऊन येते.”

टाकीखाली व्हॉल्व्हमन उभा होता, खांद्यावर लांब लोखंडी चावी. शिडी दोन पुरुष उंचीवर सुरू होत होती. खाली नुसता खांब, त्यावर गंजाचे ओघळ, सुकलेल्या आसवांसारखे.

“खालची शिडी कुठंय?”

“मी कामावर आलो तेव्हाही नव्हती. सहा वर्षं झाली मला.”

“मग टाकी धुता कशी?”

त्यानं चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “ताई, मी पाणी सोडतो आणि बंद करतो. धुणं साहेबांच्या वहीत होतं.”

ती परतली तेव्हा हेडक्लार्कांनी जुनी वही काढूनच ठेवली होती. तीन वर्षांपूर्वीचं पान. टाकी क्रमांक चार, आणि पुढे हिरवी खूण. तिचीच.

आठवलं तिला. अंगात कणकण होती त्या दुपारी. अक्षर इतकं नेटकं, की खुर्चीतून उठवलं नाही.

“सही आमची, खूण तुमची,” हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले. आवाजात धमकी नव्हती, थकवाच होता. “लिहा, शिडी यंदा मोडली. आठवड्यात नवी बसवतो, टाकी धुऊन घेतो. मागचं कशाला उकरायचं? घराकडं बदली आहे म्हणे तुमची.”

सौदा वाईट नव्हता. टाकी धुतली जाणार होती. पण शिडी यंदा मोडली म्हटलं, की आधीची सगळी धुणी खरी ठरत होती. आणि त्याच मोत्यासारख्या अक्षरात आणखी अकरा टाक्या होत्या. मग त्यांच्याकडे मान वर करून कोण बघणार?

तिनं कागद ओढला. पाच मुद्दे लिहिले. थोडा वेळ पंख्याकडे बघत बसली, मग सहावा लिहिला: मागील तपासणीत ही नोंद टाकी न पाहता मान्य करण्यात आली. ते लेखापरीक्षण मी केले होते.

हेडक्लार्कांनी दोनदा वाचलं. “हा सहावा नसता तरी चाललं असतं.”

“तुम्ही मग तीच वही दाखवून वरचे पाच पुसले असते.”

ते चष्मा काढून पुसत राहिले.

“पोच द्या,” ती म्हणाली. त्यांनी सही केली. नेहमीच्याच सुबक अक्षरात.

लॉजच्या पायऱ्यांवर बसून तिनं आईला फोन लावला. ऊन कलत होतं.

“आई, यंदा जमत नाही बहुतेक. काम चुकलं होतं माझं, जुनं. आज लिहून दिलं.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. “कुणी पकडलं?”

“मीच.”

“मग बरं,” आई म्हणाली. “तुझी खोली मी रोज झाडते हो.”

“रोज?”

“रोज. पण तू काय, येऊन बघितल्याशिवाय मानायची नाहीस.”

तिला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग जांभई. चपला काढून ती तशीच बसून राहिली. उद्या सकाळी, ऊन व्हायच्या आत, टाकी क्रमांक पाच.