खड्गसेन पडतो

माझ्या बाबांना एका खुर्चीत स्वस्थ बसवून दाखवणाऱ्याच्या मी पाया पडायला तयार आहे. सगुण हे त्यांचं नाव घेतलं की पेडण्यात कोणीही सांगेल, दशावतारातला राक्षस. देवाशी लढून शेवटी धाडकन पडायचं, आयुष्यभर हेच केलं. त्यापायी गुडघा गेला. तो बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं, आता पडलात तर परत उभे राहणार नाही. पण जत्रांचे दिवस आले तसे बाबा पिसाळले. सोप्यावर येरझाऱ्या, रस्त्याकडे नजर, आईने जेवायला हाक मारली तरी तिच्यावर गुरगुर.

मी डिचोलीला नोकरी करते. तिथे शिवदास आणि देवकीबरोबर रविवारी एक खेळ खेळते. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की नाही, ते फासा ठरवतो. गोष्ट मी चालवते, शत्रूही माझेच. हाच खेळ मी त्या दोघांसकट हळर्णला आमच्या घरी आणला आणि बाबांना लढवय्या केलं. खड्गसेन हे नाव त्यांनीच ठेवलं. म्हटलं, लढा हवं तेवढं, पण बसून.

शत्रू मी मुद्दाम लेचेपेचे ठेवले. उभ्या पुठ्ठ्याआड त्यांचा फासा टाकायचा आणि आकडा कमी सांगायचा. खड्गसेन जिंकत सुटला. वाटलं, बाबा खूश होतील. कसले खूश! जिंकले की उठायचे, टेबलाला फेरी घालायचे, परत बसायचे. शिवदासला तर त्यांच्याकडे बघूनच घेरी यायची.

या रविवारी ऐन खेळात बाबली येऊन टपकला. बाबांची दशावताराची कंपनी त्याची. त्याचा राक्षस तापाने झोपला होता, रात्री जत्रेत नाटक, जीप दारात उभी. बाबांचे डोळे चमकले. एवढा डाव संपला की येतो, असं त्यांनी सांगून टाकलं. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबली मात्र चहा फुरकत बसला. मेल्याचा असा राग आला मला!

डाव लांबवायचा म्हणून मी आणखी चार चोर आणले. खड्गसेनाने तेही कापले. बाबांनी फासा टेबलावर आपटला.

"माका पाडणारो एकय नाय तुझ्याकडे?"

"बाबा, तुमी जिंकताय ना?"

"जिंकूचा काम देवाचा. लोका देव बघूक थोडीच येतत? राक्षस कसो पडता, ता बघूक येतत."

माणसाचा आनंद ज्यात होता, तेच मी इतके रविवार त्याच्यापासून लपवत होते. पुठ्ठा बाजूला काढला. गोष्टीतल्या किल्ल्याच्या दारात एक तेजस्वी योद्धा उभा केला, खरा बळकट, आणि फासा सगळ्यांसमोर टाकला. आकडा मोठा आला.

"बाबा, तुमी पडलात."

एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं.

बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग तो नाटकातला राक्षसाचा आवाज लागला. आधी तलवार सुटली. मग खड्गसेन दाराच्या चौकटीला टेकला. योद्ध्याला शिव्या घातल्या, मग त्याच्याच घावाची वाखाणणी केली, मग घरच्या लेकीची आठवण काढली. सगळं बसल्या जागी, तोंडाने रचलेलं. देवकीचा कप हातातच राहिला. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबलीने घड्याळ पाहिलं. पण तोही नाटकातलाच, मध्ये बोलला नाही. हळूच उठून माझ्या कानात म्हणाला की आज दुसऱ्याक उभो करतंय. बाहेर जीप सुरू झाली. बाबांची नजर एकदाच दाराकडे गेली, आवाज किंचित अडखळला, आणि परत लागला. ते पाहून माझा हुंदका जोरात बाहेर पडला.

बाबा वैतागून थांबले.

"रडतंस कित्याक? मी अजून पडूक नाय. गप बस, माका सावकाश पडूक दी."